रांगेबाहेरचे खैरनार सर

खैरनार सर कुणाही सहकाऱ्याला नावाने हाक मारत नसत. ज्याचा जो विषय, तेच त्याचं नाव. गणिताचे शिंदे स्टाफरूममध्ये शिरले की सर म्हणत, "या गणित, बसा." मराठीच्या बाईंना मराठी, आणि मी भूगोल. "काय भूगोल, नकाशे सापडले का?" असं विचारल्याशिवाय त्यांची सकाळ सुरू होत नसे. नकाशे हरवल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि ते सापडणार नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. स्वतःला मात्र ते अर्थशास्त्र म्हणवून घेत नसत. कुणी नवीन माणसाने विषय विचारला की सांगत, "बुडालेल्या बँका."

ते सटाण्याकडचे. नाशकात जन्म गेला तरी तिकडचं कुणी भेटलं की "काय भाऊ, कसं शे?" म्हणून त्याचा हात धरत आणि मग त्याला सोडत नसत. उंच, जरा पुढे वाकलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. बँका का बुडतात हे सांगायला लागले की घंटा झालेली त्यांना ऐकू येत नसे, आणि मुलांनाही ती ऐकू यावीशी वाटत नसे. हे मी पाहिलेलं आहे. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता आणि माझ्या तासाला घंटेची वाट बघितली जायची.

त्यांचा पेनांचा खेळ कॉलेजात प्रसिद्ध होता. वर्षातून एकदा ते एका मुलाला टेबलामागे बसवत आणि जाहीर करत, हा मॅनेजर. बाकीच्यांनी आपापलं पेन त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवायचं, तास संपला की पेन परत आणि वर व्याज म्हणून चिक्की. मॅनेजर त्यातली बरीचशी पेनं शेजारच्या, म्हणजे माझ्या, वर्गाला वापरायला देई. मग सर पहिल्या बाकावरच्या मुलीजवळ जाऊन हळूच म्हणत, "मॅनेजरकडे पेनं उरली नाहीत म्हणे." झालं. बाकांवरून उड्या पडत, टेबल सरकत भिंतीला लागे, आणि मी गोदावरीचं खोरं समजावत असताना माझ्या दारात घोळका उभा राही, आमची पेनं द्या म्हणून. मी खूप वैतागायची. प्राचार्यांकडे तक्रारही केली होती. तरी दरवर्षी तो दिवस आला की पोरांना मुकाट्याने शिसपेन्सिली आणायला सांगायची.

गोंधळ निवळला की सर विचारत, कुणाचं पेन चोरीला गेलं होतं का? नव्हतं. सगळी पेनं होती, फक्त या घटकेला इथे नव्हती. बँक म्हणजे एवढंच. सगळ्यांनी एकदम मागितलं तर जगातली कुठलीही बँक देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा होई. पण आता मॅनेजरने पेनं खरोखरच आपल्या दोस्तांना वाटून टाकलेली असत आणि ते दोस्त घरी गेलेले असत. पुन्हा तीच कुजबुज, तीच धावाधाव. मग सर फळ्याकडे पाठ करून त्यांचं ते ठरलेलं वाक्य बोलत. "काल बँक तहानलेली होती. आज मेलेली आहे. तहानलेलीला पाणी पाजायचं, मेलेलीला नाही. अडचण एकच, दाराबाहेरून दोघी सारख्याच दिसतात. म्हणून आधी विचारायचं."

एका वर्षी मॅनेजर झालेल्या मुलाने मात्र सरांनाच चकित केलं. प्रशांत त्याचं नाव. कुजबुज सुटली, पोरं उठली, आणि हा खुर्चीवरून न हलता म्हणाला, तुमचं एकेक पेन सुरक्षित आहे, रांगेत या, ज्याला हवं त्याला मिळेल. चेहरा इतका शांत की अर्धी पोरं परत जाऊन बसली. सर खूश. स्वतःच्या खिशातली दोन्ही पेनं त्यांनी त्याला बक्षीस देऊन टाकली आणि आठवडाभर स्टाफरूममध्ये त्याचंच कौतुक चाललं होतं. त्या वर्षी काही पेनं माझ्या वर्गातच राहून गेली. कुणी मागायलाच आलं नाही, त्यामुळे कमी पडल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सरांच्या गोष्टी ऐकण्यासारख्या असत. अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत जो तो बँक आणि कंपनी काढत सुटला, समुद्र बुजवून जमीन करायच्या नुसत्या कल्पनेचे शेअर विकले गेले, आणि लढाई संपल्याची बातमी आली तसे काल पालखीत बसणारे आज पायी चालू लागले. ही गोष्ट ते अशी सांगत की जणू त्यांच्या चुलत्याचेच पैसे बुडाले असावेत. इंग्लंडातल्या बँकेची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. दारात रांग लागली तेव्हा तिने वेळ काढायला लोकांचे पैसे चिल्लर नाण्यांत मोजून दिले होते. कॅशियर एकेक नाणं मोजतोय आणि रांग जागची हलत नाही, याचा सर अभिनय करून दाखवत. आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच. संकट रांगेत जन्माला येत नाही, ते त्याच्या आधीच्या जेवणावळीत येतं. चांगल्या दिवसांत कुणी प्रश्न विचारत नाही, त्याची किंमत वाईट दिवसांत मोजावी लागते.

आमच्या बँकेचं नाव मी सांगत नाही. आता सांगून तरी कुणाचं काय व्हायचंय. इंदिरानगरात आमची इमारत आणि बँकेची मुख्य शाखा एकाच रस्त्यावर, मध्ये एक मेडिकल आणि एक रसवंती. सर आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्हा दोघांच्या निवृत्तीचे पैसे तिथेच होते. बँकेची वार्षिक सभा म्हणजे लग्नासारखा थाट. व्यासपीठावरून ठराव वाचायचा, खालून सगळ्यांनी "मंजूर, मंजूर" म्हणायचं, आणि जाताना स्टीलचा डबा घेऊन जायचं. माझ्या घरात असे बरेच डबे आहेत. मी कधी एकाही ठरावाला नामंजूर म्हटलं नाही. डब्यांना झाकणं मात्र घट्ट बसायची.

प्रशांत पुढे त्याच बँकेचा चेअरमन झाला. नव्या इमारतीचं उद्घाटन त्याने सरांच्या हस्ते केलं. सर आयुष्यभर पोरांना सांगत आले होते की बँकेत शिरलं की आधी फरशी बघा, फरशीत तोंड दिसायला लागलं की पैसे दुसरीकडे न्या. त्या दिवशी फरशीत सरांचं तोंड दिसत होतं, गळ्यात हार, डोक्यावर फेटा. मी शेजारी उभी राहून त्यांना म्हटलं, "फरशी बघितलीत का?" ते हसले आणि म्हणाले, आपल्या पोराची आहे, भूगोल.

मग तो सोमवार आला. आदल्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर एक मेसेज फिरला होता की बँक गोत्यात आहे, पैसे काढून घ्या. सकाळी खिडकीतून पाहिलं तर रसवंतीच्याही पुढे रांग गेलेली. मी पासबुक घेतलं आणि सरांना विचारायला वर गेले. प्रशांत तिथे आधीच येऊन बसला होता. दाढी वाढलेली, पण चेहरा तोच, शांत. तो म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, अफवेने चांगली बँक मरते. माझं कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील." आणि उठून सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. सरांचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. मी दारात उभी होते. सरांचे ओठ काहीतरी विचारायला उघडले आणि मिटले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सर तसेच, चपला घालून, खाली उतरले आणि बँकेच्या पायरीवर उभे राहिले. रांगेतले निम्मे त्यांचे विद्यार्थी, उरलेले विद्यार्थ्यांचे आईबाप. बँकेने चहा वाटायला सुरुवात केली होती. आत कॅशियर दहा-दहाच्या नोटांची बंडलं मोजून देत होता. सरांनी काचेतून ते पाहिलं आणि मला खूण करून हसले, बघा, जुनीच युक्ती. मग ते बोलले. पेनांचा खेळ सांगितला, तहानलेल्या माणसाचा गळा सगळ्यांनी मिळून आवळू नका म्हणाले, माझेही पैसे इथेच आहेत आणि मी काढणार नाही म्हणाले. ते इतकं सुरेख बोलले की मला माझ्या हातातल्या पासबुकाची लाज वाटली. मी ते पर्समध्ये टाकलं.

बाहेर उरलेल्या रांगेत अगदी पुढे मुमताजभाभी होत्या. त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहायच्या आणि अख्ख्या इमारतीचे ब्लाउज शिवायच्या. नवऱ्याचं अंबडला लेथचं वर्कशॉप होतं. तो गेल्यावर त्यांनी मशिनं विकली आणि पैसे बँकेत ठेवले, कारण घरमालकाने शब्द दिला होता की घर विकेन तर तुम्हालाच. त्याला त्याच महिन्यात पैसे हवे होते. भाभी उजाडायच्या आधीपासून उभ्या होत्या. काचेचं दार त्यांच्यापासून हातभर होतं.

त्यांनी सरांकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, आप बोलते तो जाऊं मैं?"

"जा भाभी. पैसा कुठे जात नाही."

भाभी रांगेतून बाहेर पडल्या. त्या बाहेर पडल्या म्हणून त्यांच्यामागचे पडले. तासाभरात रस्ता मोकळा झाला, आणि लोकांनी सरांना मेडिकलच्या पायरीवर बसवून उसाचा रस पाजला. इतके आनंदात मी त्यांना निवृत्तीच्या निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं. जन्मभर जे फळ्यावर शिकवलं ते एकदा रस्त्यावर खरं करून दाखवलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

त्या आठवड्यातच दारावर कागद लागला. वरून निर्बंध आले होते. महिन्याचा किराणा भरेल इतकेच पैसे काढता येतील, बाकी सगळं बंद. पुढे परवानाही गेला. मग एकेक गोष्ट वर्तमानपत्रात येऊ लागली. कर्जं संचालकांच्या मेव्हण्यांच्या आणि ड्रायव्हरांच्या नावावर दिली होती. धरणाच्या बाजूचे प्लॉट, द्राक्षबागांमधला एक अर्धवट रिसॉर्ट, भाव चढतच राहतील या भरवशावर घेतलेल्या जमिनी. सरांच्या गोष्टीतला समुद्र इथे बुजवला नव्हता, एवढाच फरक. बँक त्या सोमवारी तहानलेली नव्हती. तिला मरून बरेच दिवस झाले होते. आणि सर पायरीवर उभे राहून बोलत होते त्याच वेळी दुसऱ्या शाखेतून चेअरमनच्या घरच्यांच्या ठेवी निघून गेल्या. त्यांना एक शांत दिवस हवा होता, तो सरांनी मिळवून दिला.

मला प्रशांतचा राग आला. सरांचाही आला, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने एक प्रश्न विचारू नये? मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "तो पाया पडला होता हो. पाया पडलेल्या माणसाला हिशेब कसा विचारायचा?" मलाही ते जमलं नसतं. आपल्यात कुणालाच जमत नाही, आणि प्रशांतला ते चांगलं ठाऊक होतं.

लोकांनी अर्थातच बोलायचं ते बोलून घेतलं. सरांनी स्वतःचे आधीच काढून घेतले होते, सरांना कमिशन मिळालं. ज्यांनी त्यांना रस पाजला तेच हे सांगत फिरत. खरं म्हणजे सर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त बुडाले होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि सांगून कुणाला पटलं नसतं. रस्त्यात जुने विद्यार्थी दिसले की ते फोन काढून बघू लागत. सटाण्याकडचं कुणी भेटलं तरी सर आता हात धरत नसत. मला त्यांनी मॅडम म्हणायला सुरुवात केली. मी एकदा चिडून म्हटलं, मी भूगोल आहे. ते नुसते मान हलवून जिना चढून गेले.

घरमालक थांबला होता, नाही असं नाही. पण त्यालाही नड होती, त्याने घर दुसऱ्याला विकलं. ठेवींच्या विम्याचे, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतचेच, पैसे सगळ्यांना मिळाले तोवर भाभींचं सामान बांधून झालं होतं. त्या विम्यात त्यांचं घर बसत नव्हतं. वरची रक्कम कधी मिळेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, अजूनही येत नाही. त्या भावाकडे घोटीला निघाल्या होत्या. सर आपल्या वाट्याला आलेले विम्याचे पैसे घेऊन खाली गेले, पाकीट शिलाई मशिनवर ठेवलं आणि घ्या म्हणाले. मी तिथे माझे दोन ब्लाउज परत न्यायला गेले होते, अर्धवट शिवलेले.

भाभींनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. त्या रागावल्या नव्हत्या. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगावं इतक्या साधेपणाने त्या म्हणाल्या, "ये आपके हैं, सर. मुझे मेरेवाले चाहिए. वो ला के दो."

सरांनी पाकीट उचललं. त्यांना जिना चढायला वेळ लागला, मध्ये एकदा ते कठड्याला धरून थांबले. टेम्पो गेला तेव्हा ते गॅलरीत आले नाहीत. मला वाटतं त्या दिवसानंतर त्यांनी काही वाचलं नसावं. त्यांची बुडालेल्या बँकांची पुस्तकं त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयाला देऊ केली, आणि ग्रंथपालाने जागा नाही असं कळवलं. प्रशांतला अटक झाली, जामीनही झाला. परवा एका लग्नात तो होता. लोक त्याच्याशी नीट बोलत होते, एकदोघे तर कर्जासाठी ओळख काढता येते का बघत होते.

सरांची आणि माझी शेवटची भेट सिडकोत झाली. तिथे एका छोट्या पतसंस्थेसमोर रांग लागली होती. कसला तरी मेसेज फिरला होता म्हणे. मी भाजी घेऊन चालले होते. रांगेच्या शेवटी सर दिसले, काठी टेकून उभे. खिशाला पेन नव्हतं. मला आधी वाटलं, पुन्हा लोकांना घरी पाठवायला आलेत. मग लक्षात आलं की ते बोलत नाहीयेत, नुसते उभे आहेत.

मी विचारलं, तुमचं इथे खातं आहे?

"नाही."

"मग?"

"मागच्या वेळी मी रांगेबाहेर उभा होतो, मॅडम."

ही तहानलेली आहे की मेलेली, असं मी विचारलं. त्यांनी माहीत नाही असं सांगितलं. चौकशी केलीत का म्हटलं, तर म्हणाले, कोण खरं सांगणार आहे. मी त्यांचा हात धरून घरी चला म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला, अगदी हलकेच. त्या संस्थेत काही वावगं होतं की नव्हतं ते मला आजही ठाऊक नाही. रांग मात्र वाढत गेली आणि काही दिवसांनी ती पतसंस्थाही बंद झाली. मग कसली चौकशी आणि कसलं काय.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात सरांच्या मागे एक मुलगी येऊन उभी राहिली होती, खांद्याला ऑफिसची बॅग. ती सरांकडे वळून वळून बघत होती. मग तिने फोन लावला.

"आई, पासबुक घेऊन लगेच ये. अगं, अफवा नाहीये. तुमचे ते बँकांचे खैरनार सर स्वतः उभे आहेत रांगेत."

सरांनी ते ऐकलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रांग थोडी पुढे सरकली होती, ते काठी उचलून एक पाऊल पुढे झाले.